अध्यक्षस्थानी भाऊसाहेब

प्रेरणाचा सत्कार करायचं गावाने ठरवलं तेव्हा प्रेरणाला कुणी विचारलं नाही. तशी पद्धतच नाही. ज्याचा सत्कार त्याला तारीख कळवली की खूप झालं. तिला तर तीही वडिलांकडून कळली. उत्तमराव कपाशीची फवारणी अर्धी टाकून, पाठीवरचा पंप न उतरवताच ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "रविवारी तुहा सत्कार हाय. गोकुळ पाटील सोता बांधावर आला सांगाले."

"सोता" म्हणताना ते पंपासकट ताठ झाले. प्रेरणाला खरं तर चीड यायला हवी होती, पण आली ती कीव. सात वर्षं या माणसाच्या हातात गावातल्या कुणी लग्नाची पत्रिका दिली नव्हती. अंगणात टाकून जायचे, तीही हळद लागून गेल्यावर. तिच्या आईचं, शालूबाईचं, त्याहून भारी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण घरात न बोलावता भिंतीवरूनच म्हणायची, "वाण पाठवून देतो बरं, वहिनी." सात संक्रांतींची वाणं अजून वाटेतच होती.

गावाला अचानक एवढा उमाळा आला तो एका फिल्ममुळे. पुण्याच्या हिमानी नावाच्या बाईने प्रेरणाच्या खटल्यावर दोन वर्षं खपून माहितीपट केला होता. खटला गावाला पाठ होता. सात वर्षांपूर्वी प्रेरणा तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकायची आणि त्याच संस्थेच्या मुलींच्या हॉस्टेलात राहायची. संस्थेचे अध्यक्ष शालिग्रामजी, ज्यांना सगळा परिसर भाऊसाहेब म्हणतो, यांनी एका रविवारी स्कॉलरशिपच्या अर्जावर सही करतो म्हणून तिला ऑफिसात बोलावलं आणि आतून कडी घातली. पुढचं प्रेरणाने पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मॅजिस्ट्रेटना सांगितलं आणि शेवटी कॅमेऱ्यालाही सांगितलं, तोंड न झाकता, स्वतःच्या नावाने. कायदा म्हणत होता, नाव लपवायचा तुला हक्क आहे. गाव म्हणत होतं, ते तुझं कर्तव्य आहे. "तोंड लपवाचं तं त्यानं लपवावं," एवढं बोलून तिने दोघांनाही हात जोडले होते.

हिमानीचं म्हणाल तर बाई कष्टाळू होती, पण तिला प्रेरणा शेतातून चालताना हवी होती. प्रेरणा चिखलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. शेतात ती जाते ती बापाचा डबा घेऊन, तीही सुटी असली तर. तरी एका संध्याकाळी तिला तुरीच्या ओळीतून अकरा वेळा चालवण्यात आलं. "दूर बघ," हिमानी म्हणायची. दूर बघायला तिथे शेजारच्या उंद्री गावाकडचा मोबाइलचा टॉवर होता. प्रेरणाने सात वर्षांचं दुःख डोळ्यांत आणून तो टॉवर पाहिला. मात्र हेही खरं की कोर्टाच्या प्रत्येक तारखेला हिमानी पुण्याहून येऊन मागच्या बाकावर बसायची, आणि गावातलं एक कुत्रंही कधी आलं नव्हतं. त्यामुळे प्रेरणाने तिला टॉवर माफ करून टाकला होता.

फिल्मचं नाव 'तिची तारीख'. कुठल्याशा थंड देशात तिला बक्षीस मिळालं आणि पेपरात चार ओळी छापून आल्या: 'ग्रामकन्येचा सातासमुद्रापार झेंडा'. झालं. सात वर्षं जी "उत्तमरावची ते पोट्टी" होती, ती एका सकाळीत "आपली कन्या" झाली. फिल्म कशावर आहे हे बातमीत नव्हतं, आणि गावात तो प्रश्न विचारण्याएवढं अडाणी कुणी नव्हतं.

प्रेरणाला या सत्काराचं काही नव्हतं. तिचा जीव अडकला होता मंगळवारात. मंगळवारी बुलढाण्याच्या कोर्टात तानाबाईची साक्ष होती. तानाबाई त्या वेळी हॉस्टेलात शिपाई होती. त्या रविवारी ऑफिसातून आवाज आला तसा हातातला झाडू टाकून तिने बाहेरून दार बडवलं, कडी निघेपर्यंत बडवलं, आणि प्रेरणाला आपल्या अंगाशी धरून बाहेर आणलं. पाहणारी ती एकटी. पोलिसांना तिने तसं सांगितलंही होतं. पुढे ती निवृत्त होऊन गावात परतली, ग्रामपंचायतीचा हॉल झाडू लागली, आणि गेल्या दिवाळीपासून प्रेरणाला भेटेनाशी झाली. गल्लीत समोरून आली तर उलटी वळायची. तिची सून अपेक्षा त्याच हॉस्टेलात स्वयंपाकाला आहे. तेव्हा कारण शोधायला कुणा पंचांगवाल्याकडे जायची गरज नव्हती.

शनिवारी संध्याकाळी प्रेरणा चिखलीहून एसटीने उतरली तर स्टँडवरच्या कडुलिंबाला फ्लेक्स टांगलेला. 'भव्य नागरी सत्कार'. कोपऱ्यात तिचा फोटो, आधार कार्डावरून उचललेला, त्यामुळे सत्काराऐवजी हरवल्याची जाहिरात वाटत होती. मधोमध, पुरुषभर उंचीचा, हात जोडलेला आणि गालात हसणारा फोटो दुसऱ्याच माणसाचा होता. खाली ठसठशीत अक्षरं: 'अध्यक्षस्थानी: शिक्षणमहर्षी मा. शालिग्रामजी (भाऊसाहेब)'.

तिने दोनदा वाचलं. मग तशीच बॅग खांद्याला लावून ती गोकुळ पाटलाच्या घरी गेली. गोकुळची बायको गावची सरपंच. म्हणजे सही तिची. बाकी सरपंचकी गोकुळच करतो.

"गोकुळभाऊ, फ्लेक्स पाह्यला का तुम्ही?"

"काऊन? नाव चुकलं का तुहं?"

"अध्यक्ष कोण हाय ते पाहा."

गोकुळने खरंच क्षणभर विचार केला. "आता भाऊसाहेबांबिगर कार्यक्रम होते का वं? हॉल त्याइनं बांधून देल्ला, माइक त्याइचा, खुर्च्या संस्थेतून येऊन राह्यल्या. त्याइलेच वगळलं तं बरं दिसंन का?"

"केस त्याइच्यावरच हाय, भाऊ."

"केस कोर्टात हाय ना? मंग कोर्टाचं कोर्टात. सत्काराचा अन् त्याचा काय संबंध?" आणि मग आवाज मऊ करून, अगदी मनापासून तो म्हणाला, "माणसाचं मन पाह्य किती मोठं हाय. सोता फोन केला मले. म्हणे, पोरीनं नाव काढलं, शाल मीच घालतो."

मोठं मन प्रेरणाला तिथेच दिसलं, अगदी स्वच्छ. रविवारी भाऊसाहेब तिला शाल घालणार, सोमवारच्या पेपरात तो फोटो येणार, 'अखेर गैरसमज दूर' असं काहीतरी खाली छापलं जाणार, आणि मंगळवारी तो पेपर वाचून दाखवला की तानाबाईची स्मरणशक्ती आपोआप क्षीण होणार. कुणाला धमकी नाही, कुणाला चापट नाही. नारळ आणि शालीत काम.

घरी जाऊन तिने बुलढाण्याला आपल्या वकिलांना, देवेश सरांना, फोन लावला. सगळं ऐकून ते हसले. सात वर्षांत ते हसतात हे तिला ठाऊक नव्हतं.

"जामिनाची चौथी अट माहीत आहे ना? आरोपीने फिर्यादी आणि साक्षीदारांच्या जवळपास फिरकायचं नाही. लोक ही अट चोरून मोडतात हो. फ्लेक्सवर वेळ, वार, स्थळ छापून मोडणारा पहिलाच बघतोय. याला सल्ला देणारा वकील बहुतेक सुटीवर असणार." मग ते गंभीर झाले. "तुम्ही जा. भांडू नका. हिमानीबाईंना म्हणावं कॅमेरा बंद करू नका. जामीन रद्द करायचा अर्ज मी टाकतो."

"अन् तानाबाई?"

"त्याला माझ्याकडे औषध नाही. मंगळवारी ती आली नाही, किंवा येऊन 'आठवत नाही' म्हणाली, तर जामीन राहिला काय अन् गेला काय. मग केसमध्ये काही उरत नाही."

रात्रीच्या जेवणाला शालूबाईने विषय काढला नाही; फक्त कपाटातली जांभळी इरकल काढून खाटेवर ठेवली आणि तिच्या घड्या पुन्हा पुन्हा सारख्या करत बसली. शेवटी न राहवून म्हणाली, "मले समजते सारं. पण जाय ना, माय. सात वर्षानं कोणी बलावलं." प्रेरणाला आईचा राग आला, आणि त्या रागाहून जास्त माया आली. तिने साडी उचलली.

रविवारी अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला, म्हणजे वेळेवरच. स्टेजवर मान्यवरांच्या नऊ खुर्च्या, नऊही पुरुष. सरपंचाच्या खुर्चीत, पाठीवर 'सरपंच' लिहिलेलं होतं तिथे, गोकुळ. मधल्या सोफ्यावर भाऊसाहेब: पांढरी सफारी, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर असं काही वात्सल्य की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस बालवाडीच्या उद्घाटनाला आलाय. प्रेरणाला एका टोकाला बसवलं होतं. सत्कारमूर्ती मध्ये बसली तर मान्यवर कुठे बसणार? तिने इतक्या जवळून त्याला सात वर्षांत पाहिलं नव्हतं. कोर्टात मध्ये कठडा तरी असतो. तिने पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि समोर पाहत राहिली. समोर, खांबाच्या आडोशाने, हिमानीने तिपाईवर कॅमेरा लावला होता. बाजूच्या दाराशी तानाबाई कुंकू-अक्षतांचं तबक घेऊन उभी होती. तिची नजर तबकात होती.

सूत्रसंचालन लक्ष्मीकांत सरांचं. निवृत्त मुख्याध्यापक, घराण्यात भिक्षुकी, आणि चाळीस वर्षांत या पंचक्रोशीत माइकवर दुसरा माणूस झालेला नाही. तेरावं सोडून सर्व कार्यक्रम ते करतात, आणि प्रत्येकाला स्वतःची चारोळी असते.

"शिक्षणाच्या वटवृक्षाची
थंडगार ही सावली,
या मातीच्या लेकीसाठी
स्वतः येथे धावली!"

टाळ्या पडल्या. सावलीने हात जोडून त्या घेतल्या.

मग दीपप्रज्वलन. मग मान्यवरांचे सत्कार, एकेकाला शाल, नारळ, बुके आणि परिचय. ज्यांनी सत्कार करायचा त्यांचे सत्कार व्हायलाच पाऊण तास गेला. हॉलच्या मागे आचाऱ्याने जेवणाला वरणासोबतच्या बट्ट्या तळायला घेतल्या होत्या आणि लोकांचं लक्ष हळूहळू नाकाकडे वळत होतं. तेव्हा कुठे लक्ष्मीकांत सर म्हणाले, "आणि आता तो क्षण! भाऊसाहेबांना विनंती करतो की त्यांनी…"

भाऊसाहेब उठले. शाल त्यांनी स्वतः उलगडली. पेपरवाल्याने फोटोसाठी एक गुडघा टेकला. प्रेरणा उभी राहिली, कारण देवेश सरांनी भांडू नका म्हटलं होतं. पण त्या हातांकडे बघताना तिचं सगळं अंग मागे सरकत होतं. आणि तेवढ्यात लक्ष्मीकांत सर माइकवर हात ठेवून अध्यक्षांच्या कानाशी वाकले. त्यांचं कुजबुजणं पहिल्या चार रांगांना ऐकू जातं.

"भाऊसाहेब, महिलेचा सत्कार महिलेच्या हस्ते. पुरुषानं बाईला शाल घालणं… बरं दिसत नाही."

चाळीस वर्षांत सरांनी हा नियम मोडू दिला नव्हता. समोरच्या मुलीवर या माणसाने काय केलं याचा सात वर्षं खटला चालू आहे, ते सगळ्या हॉलला बरं दिसत होतं. शाल तेवढी बरं दिसत नव्हती.

भाऊसाहेबांचे शालीचे हात तसेच राहिले. त्यांच्या सगळ्या बेतात ही एक गोष्ट सुटली होती, कारण त्यांच्या कार्यक्रमांत आजवर कुणा बाईचा सत्कारच झाला नव्हता.

"सरपंच मॅडम?" सरांनी विचारलं.

"ते घरी हाय," गोकुळ म्हणाला. "पाव्हण्यायची भाजी पाहून राह्यली."

सरांनी समोर बायकांच्या बाजूला पाहिलं. सगळ्या बायकांना एकदम पदर सारखे करायची आठवण झाली. कुणी उठेना. कुणाचा नवरा संस्थेत, कुणाचा भाऊ, कुणाच्या पोराचा अर्ज. शालूबाई उठायला लागली तर सर म्हणाले, "आई चालत नाही, घरचं माणूस." तेव्हा त्यांची नजर बाजूला गेली आणि नियम पाळल्याच्या आनंदात त्यांनी माइकवरच हाक मारली, "तानाबाई! तुम्हीच या. ज्येष्ठ महिला आहात. या, या वर."

भाऊसाहेबांचं वात्सल्य जागच्या जागी गोठलं. "सर, राहू द्या…" ते म्हणाले, पण सरांनी टाळ्या मागितल्या होत्या आणि टाळ्या सुरूही झाल्या होत्या. आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार एका फ्रेममध्ये, हातभर अंतरावर उभे. चौथी अट कॅमेऱ्याने एवढ्या स्वच्छ उजेडात कधी टिपली नसेल.

प्रेरणाला आनंद व्हायला हवा होता. पण तानाबाई तबक घेऊन समोर आली, आणि नजर न उचलणाऱ्या त्या म्हातारीकडे पाहून प्रेरणाला स्वतःची लाज वाटली. त्याने आपल्याला फोटोसाठी धरलं होतं, आणि आपण? आपणही हिला कॅमेऱ्यासमोर धरलंच की. कुंकू लावताना तानाबाईचं बोट घसरलं, कुंकू भुवईवर ओघळलं. शाल खांद्यावर टाकताना दोघींची डोकी जवळ आली.

"मावशी," प्रेरणा हळूच म्हणाली.

तानाबाईने वर पाहिलं नाही. "नारळ धर," म्हणाली.

सत्कार करणाऱ्याने मग स्टेजवर बसायचं असतं, हाही नियमच. जागा नव्हती. सरांनी गोकुळकडे पाहिलं, आणि सरपंचाच्या खुर्चीतून गोकुळला उठावं लागलं. ती खुर्ची उचलून त्यांनी प्रेरणाशेजारी ठेवली. त्या खुर्चीत गावाने पहिल्यांदा बाई बसलेली पाहिली.

"आता सत्कारमूर्तींचं मनोगत, दोन मिनिटं," सर म्हणाले. "त्यानंतर अध्यक्षीय भाषण. आणि वेळ उरल्यास आपण फिल्मची थोडी झलक पाहू."

ज्या फिल्मसाठी सत्कार, तिची झलक, वेळ उरल्यास. प्रेरणाने माइक घेतला. आदल्या रात्री तिने बरंच काही ठरवलं होतं, टोकदार, एकाहून एक. त्यातलं आता काही आठवेना.

"मी जास्त बोलत नाही," ती म्हणाली. "सात वर्षांत गावानं मले बोलाले पह्यल्यांदाच दोन मिनिटं देल्ले, तेबी मी परत करतो. त्यापेक्षा फिल्मच पाहू. बावन्न मिनिटांची हाय." ती वळली. "अध्यक्ष महोदयांची परवानगी असंल तं."

अध्यक्ष महोदय तेव्हा तानाबाईकडे पाहत होते आणि मनातल्या मनात मंगळवारची फेरमांडणी करत होते. पण 'अध्यक्ष महोदयांची परवानगी' हे शब्द कानावर पडले की मान हलवायची, ही पस्तीस वर्षांची सवय. मान हलली. हलल्यावर त्यांना कळलं. तोवर सरांनी "परवानगी मिळाली आहे!" असं जाहीर करून दिवे घालवायला सांगितलं होतं, आणि हिमानीने लॅपटॉपची वायर आधीच जोडून ठेवली होती.

पडदा स्टेजच्या मागच्या भिंतीवर. त्यामुळे मान्यवरांना खुर्च्या उलट्या करून लोकांकडे पाठ करून बसावं लागलं. फिल्म सुरू झाली. तूर आली, टॉवर आला, आणि मग प्रेरणाचा मोठा चेहरा आला आणि सांगू लागला. नाव तिने कुणाचं घेतलं नाही, 'संस्थाचालक' म्हणाली. प्रत्येक वेळी तो शब्द आला की अंधारातल्या दोनशे डोळ्यांच्या जोड्या पडद्यावरून सोफ्यावर जात आणि परत येत. एरवी ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. कुणीतरी लेकरू रडलं तर त्याला "चूप" म्हणणाऱ्या बाईलाच हुंदका फुटला.

बाराव्या मिनिटाला भाऊसाहेबांनी न वाजलेला फोन कानाला लावला, "हो हो, निघालोच," असं म्हणाले आणि उठले. आजवर अध्यक्ष उठला की सभा उठायची. त्यांनी मागे पाहिलंही, सवयीने. गोकुळ तेवढा धावला, आणि एक-दोन मान्यवर. बाकी कुणी हललं नाही. आता हे धैर्य म्हणायचं की मागून येणारा बट्ट्यांचा वास, ते ज्याचं त्याने ठरवावं. गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला आणि फिल्म चालू राहिली.

प्रेरणा पडद्याकडे पाहतच नव्हती. ती शेजारच्या खुर्चीकडे पाहत होती. तानाबाई मांडीवर हात घेऊन ताठ बसली होती, नवख्या माणसाने दवाखान्यात बसावं तशी.

मग पडद्यावर एक दार आलं. पत्र्याचं, हिरवा रंग उडालेलं. प्रेरणाची पाठ, आणि तिचा आवाज: "मावशी, मी प्रेरणा." कडी वाजवल्याचा आवाज. पुन्हा. दार तसंच. कॅमेरा हलेना. तसाच एक मिनिट, सव्वा मिनिट.

"हे तं माह्या घरचं दार व्हय," तानाबाई पुटपुटली.

"हाव."

"इतका वेळ काऊन दाखवून राह्यले?"

"तेवढा वेळ मी उभी होती, मावशी. खरं तं जास्तच. त्याइनं कापलं."

तानाबाई पाहत राहिली. "परदेशातल्या लोकाइनंबी पाह्यलं?"

"पाह्यलं."

"काय म्हनले?"

प्रेरणाला खोटं सांगता आलं असतं. "टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली.

"कोनाले?"

"दाराले."

"बंद दाराले टाळ्या?" तानाबाईने तिच्याकडे वळून पाहिलं, नऊ महिन्यांत पहिल्यांदा. "येडे हायत का थे?"

प्रेरणा धीर करून बोलली. "मावशी, मी तुमच्यावर जोर नाही करत. अपेक्षावहिनीची नौकरी जाईन, हे मले समजते. खोटा भरवसा देत नाही मी, जाईनच. तुम्ही नाही आल्या तरी मी तुमच्यावर…"

"नौकरीचं नाही ते."

पडद्यावर दार गेलं होतं आणि कोर्टाच्या पायऱ्या आल्या होत्या. तानाबाई आता फार हळू बोलत होती, आणि प्रेरणाला ऐकायला वाकावं लागलं.

"दिवाळीच्या आंधी अपेक्षा अशीच रडत घरी आली. जशी तू आली होती, तशीच. त्यानंच. ऑफिसात चहा घेऊन बलावलं म्हने." तिने पदर तोंडावर दाबला आणि काढला. "तुह्या वक्ती मी दार बडवलं. अन् माह्या घरची आली तं मी तिले म्हनलं, चूप राह्य, बाई, घर चालते त्याच्यावर. ते अजून जाते तठी सैपाक कराले. मी धाडतो. मंग तुले कोन्या तोंडानं दार उघडू?"

सात वर्षं तिला वाटत आलं होतं की उशीर होतोय तो फक्त तिच्या न्यायाला. तारीख पे तारीख ती हिशेब लावत आली तो स्वतःचाच. त्या तारखांच्या मधल्या दिवसांत तो माणूस बाहेरच होता, ऑफिसात बसत होता, चहा मागवत होता. खांद्यावरची शाल तिला नकोशी झाली. ती काढून तिने खुर्चीवर ठेवली आणि तानाबाईचा हात हातात घेतला. खरखरीत, गार हात.

फिल्म संपली. दिवे लागले. लक्ष्मीकांत सर माइकशी आले, पण आभाराची चारोळी अध्यक्षांवर होती आणि अध्यक्ष नव्हते, त्यामुळे चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना काय बोलावं कळेना. "सर्वांनी जेवून जावं," एवढं म्हणून ते बाजूला झाले. कुणी लगेच उठलं नाही. शालूबाईच्या शेजारच्या दोन खुर्च्या सकाळपासून रिकाम्या होत्या; तिथे आता ती भिंतीपलीकडची शेजारीण येऊन बसली होती आणि रडत होती.

तानाबाई उठली. तबक तिने काखेला लावलं.

"मंगळवारी बुलढाण्याले किती वाजताची गाडी हाय?"

"साडेआठची."

"आम्ही दोघी येतो," तानाबाई म्हणाली.